एक पंख ढगात, एक बाहेर

मित्रांनो, मी एक जुना थेंबमोज्या आहे. विमानाच्या डाव्या पंखाखाली मी उलटा लटकत असे. वटवाघूळही तसंच लटकतं, पण त्याच्याकडे कुणी आकडे मागत नाही.

विमान ढगात शिरलं की थेंब माझ्या काचेसमोरून जात आणि मी ते मोजत असे. ढगाच्या पोटात थेंब गच्च आणि टपोरे. कडेला मात्र बाहेरची कोरडी हवा आत घुसते आणि थेंबांना खायला उठते. टपोरे रोडावतात, रोडके नाहीसे होतात. छोट्या ढगाला तर पोट कमी, कडाच जास्त. शास्त्रज्ञ ताई माझी काच पुसत म्हणायच्या, "शहाणा आहेस हो!"

मग उजव्या पंखाखाली एक नवा, चकचकीत थेंबमोज्या आला.

विमान चालवायचे ताईंचे सख्खे मामा. त्यांची कंबर धरलेली. ढगाच्या मध्ये गचके फार, म्हणून एके दिवशी त्यांनी विमान गुपचूप कडेकडेने नेलं. उजवा पंख ढगात, डावा जवळजवळ बाहेर. ताई मागे, बिनखिडकीच्या जागेवर, पडद्याला डोळे लावून बसलेल्या. नव्याचे आकडे भरभरून. माझ्याकडे चार रोडके थेंब.

"मामा, जुन्याला दिसेनासं झालंय."

"वय झालं गं त्याचं. माझ्यासारखं."

"तुम्हाला उतरवता येत नाही, त्याला तरी उतरवते."

ओरडावं तर तोंड नाही.

परतताना तोच ढग, तीच कड, पण आता ढग डावीकडे. माझ्याकडे थेंबांचा पूर, नव्याकडे शुकशुकाट. म्हटलं, सुटलो! आता ताईंना कळणार.

"मामा, नवासुद्धा बिघडला!"

"हल्लीच्या वस्तूच तसल्या."

आम्हा दोघांनाही उतरवून खोक्यात टाकलं. कडेचे सगळे आकडे बिघाड म्हणून पुसले गेले. आता ताईंच्या हिशेबात प्रत्येक ढग काठोकाठ गच्च आहे, आणि त्या हिशेबावरून पुढच्या उन्हापावसाचा अंदाज निघणार आहे. ही काळजी मला गंजापेक्षा जास्त खाते.

खोक्यात नवा शेजारीच असतो. विचारतो, "काका, मी खरंच आंधळा आहे का हो?"

"नाही रे बाळा. तू कडेला होतास."

मित्रांनो, आमची काच पुसली नाहीत तरी चालेल. पण दोघांचं पटेना, तर दोघांनाही खोटं ठरवण्याआधी जरा उठून खिडकीतून बाहेर बघा. आम्हीच बघितलं असतं, पण खोक्याला खिडकी नाही.