सहलीसाठी ठरलेली बस

मी एक जुनी बस आहे. सध्या शहाडला, नदीजवळच्या एका आवारात उभी असते. परवाच माझ्या अंगावर नवा निळा रंग चढला. मित्रांनो, रंग पाहून मी तुम्हाला आवडेन, म्हणूनच माझी हकीगत आधी सांगते.

माझा सांगाडा एका कारखान्यात तयार झाला. पत्रा, खिडक्या आणि बाकं दुसरीकडे बसवली. उमेदीची वर्षं डोंबिवलीत गेली. सकाळ-संध्याकाळ मानपाड्याच्या कारखान्यांवर कामगारांना पोचवायचं आणि लग्नसराईत वऱ्हाडं न्यायची. माझा ड्रायव्हर जगन खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. तो रोज माझ्या काचा पुसायचा, चाकांभोवती एक फेरी मारायचा. "जगनची गाडी दगा देत नाही," असं कामगार म्हणायचे. ते ऐकलं की मला धन्य वाटायचं.

पुढे माझं वय झालं. ब्रेकच्या नळीतून तेल पाझरू लागलं.

"शेट, ब्रेक पायाखाली मऊ लागतोय," जगनने मालकांना, शिवरामशेटना सांगितलं.

"पट्टी गुंडाळ. एवढी लग्नसराई जाऊ दे, मग बघू."

ती लग्नसराई गेली, पुढची आली. पट्टीवर पट्टी चढत गेली. उभ्या जागी माझ्या पोटाखाली तेलाचा डाग पसरायचा. रोज थोडा मोठा. शेट तो ओलांडून जायचे.

१९८८च्या हिवाळ्यात शुभदाबाई मला बघायला आल्या. त्या डोंबिवलीतल्या एका शाळेत इतिहास शिकवत. सातवीच्या मुलांना पहिल्या दिवशी लेण्याद्री आणि शिवनेरी, दुसऱ्या दिवशी पुण्याचं वस्तुसंग्रहालय दाखवायचं त्यांच्या मनात होतं. सोबत त्याच शाळेतले सुधीरसर होते. बाई आत चढल्या आणि बाकांमधून चालत मुलांना मनातल्या मनात बसवू लागल्या.

"मालूला गाडी लागते, तिला खिडकी द्यायची. लक्ष्मी तिच्या शेजारी. आनंदला दारापासून लांब, तो सारखा उठतो."

एरवी मुलं येणार म्हटलं की मला आनंद व्हायचा. त्या दिवशी मात्र त्या रिकाम्या बाकांकडे बघवेना.

"गाडी घाटात चालेल ना?" बाईंनी विचारलं.

"बाई, वाघ आहे वाघ," शेट म्हणाले. जगनने मान खाली घातली.

"तरी येत्या रविवारी आम्ही आधी जाऊन येऊ. मुलं त्यानंतरच्या शुक्रवारी."

सुधीरसर हसले. "अहो, दरवर्षी सहली जातात. आधी जाऊन कोण बघतं?"

"गडावर पाणी कुठे, सावली कुठे, उतरायला किती वेळ लागतो, हे बघितल्याशिवाय मी मुलं नेणार नाही."

रविवारी आम्ही निघालो. मुरबाड मागे पडलं, माळशेज घाट मी धापा टाकत चढले. बाईंनी शिवनेरीच्या पायऱ्या, विसाव्याच्या जागा, सगळं पाहून घेतलं. त्या खुशीत होत्या. परतीच्या वाटेवर जगन सारखा ब्रेक दाबून बघत होता. घाटाचा उतार लागला तेव्हा दरीतून धुकं वर येत होतं.

दुसऱ्याच वळणावर माझी नळी फाटली. ब्रेक दाबताच जगनचा पाय थेट तळाच्या फळीला टेकला.

"बाई, घट्ट धरा," तो हळू आवाजात म्हणाला.

त्याने गिअर पाडला, हातब्रेक ओढला. मी थांबेना. समोर कठडा आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं. जगनने सगळा जोर लावून स्टिअरिंग फिरवलं आणि मला दरडीवर घातलं. खडकाने माझी अख्खी बाजू सोलून काढली. काचा फुटल्या, गज वाकून बाकांवर आले. मग मी चरात रुतून थांबले.

सुधीरसरांच्या कपाळातून रक्त येत होतं. बाई उठल्या. फाटलेल्या बाजूने त्या एकेक पाऊल टाकत गेल्या, वाकलेल्या गजांवर हात ठेवत.

"इथे मालू," त्या म्हणाल्या. "इथे लक्ष्मी. इथे आनंद."

सरांनी तोंड फिरवलं. जगन खाली बसला होता.

"मला ठाऊक होतं, बाई. शेटला बोललेलो मी. तुम्हाला नाय बोललो. नोकरी गेली असती."

बाईंनी आवाज चढवला नाही. "शुक्रवारी मुलं बसल्यावर बोलला असतास का, जगन?"

जगनने पुन्हा मान खाली घातली.

मला ओढत डोंबिवलीला आणलं. शेट मुख्याध्यापकांना म्हणाले, "पत्रा ठोकून शुक्रवारपर्यंत गाडी उभी करतो. सहल मोडू नका." मुख्याध्यापक विचारात पडले. तेवढ्यात जगन पुढे झाला. "साहेब, या गाडीत पोरं बसवू नका. ब्रेकला नुसत्या पट्ट्या हायेत." त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. तो मला पुन्हा दिसला नाही. शुभदाबाईंची मुलं महिन्याभराने एसटीने शिवनेरीला गेली आणि सुखरूप परतली, असं कानावर आलं.

मी मात्र विकले गेले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, मग इथे शहाडला. प्रत्येकाने पत्रा ठोकला, रंग दिला. फाटलेली नळी कुणी बदलली नाही. पट्टी तेवढी नवी आहे.

काल तुमच्या शाळेतले एक सर आले होते. सहल किल्ल्यावर जाणार आहे. बाकं किती आणि टेप वाजतो का, एवढंच त्यांनी विचारलं. नवा ड्रायव्हर पोरगेलासा आहे. तो मालकाच्या मागे उभा होता, मान खाली घालून.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी लागतं, तशी त्याची विचारपूस करणारी माणसंही लागतात. मला बोलता येत नाही. शनिवारी पहाटे तुम्ही डबे घेऊन, हसत माझ्या दाराशी याल. पायरीवर पाय ठेवण्याआधी वाकून माझ्या पोटाखाली बघा. मग ड्रायव्हरला, मालक जवळ नसताना, ब्रेकचं विचारा. त्याने मान खाली घातली, तर चढू नका.