बसल्या जागी मारलेली थाप

कापणीचं अवजड यंत्र घेतल्यापासून सगळे त्याला रणगाडा म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. आज मात्र ताईच्या बांधावरून पळ काढावासा वाटत होता. गहू गुडघ्याला लागलेला आणि मधूनच वीतभर उंचीचे पिवळे पट्टे, जोडीजोडीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्ट्यांमधलं अंतर त्याला मोजावं लागलं नाही. चाकं त्याचीच होती.

ताई बियाणेवाल्याला फैलावर घेत होती. "भेसळ आहे तुमच्या बियाण्यात. सरळ कबूल करा."

"ताई, भेसळ काय रांगेनं उगवते का?" तो बिचारा म्हणाला.

रणगाडा पट्ट्यांकडे पाठ करून उभा राहिला. मागच्या कापणीला ताईचा पाय प्लास्टरमध्ये होता. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, कामाजोगी झाली की वापसा आला म्हणतात. वापशाआधी शेतात चाक घालायचं नाही, हा ताईचा कायदा. तिनं फोनवर विचारलं होतं, "खाली उतरून मूठभर माती दाबून बघितलीस? फुटते का?" पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "बघितली, फुटली," असं यानं वर खुर्चीत बसूनच सांगून टाकलं.

बियाणेवाल्यानं पिवळं रोप उपटलं. मूळ चार बोटं खाली जाऊन आडवं वळलं होतं. ताईनं घरातून लोखंडी सळई आणली. हिरव्या गव्हात ती हातभर उतरली. पट्ट्यात चार बोटांवर अडली. ताईनं अंगाचा भार टाकला तरी हलेना.

"म्हणजे माझंच चुकलं," ताई हळूच म्हणाली. "पाणी जास्त झालं असेल माझ्याकडून, म्हणून माती घट्ट बसली."

हे मात्र त्याला ऐकवेना. "ताई, वापसा नव्हता. ओली माती माझ्या चाकांखाली दबली. मी खाली उतरलोच नव्हतो. थाप मारली."

बियाणेवाला उगाचच मोबाइल बघू लागला.

"हा थर नांगरून फुटेल?" ताईनं रणगाड्याला विचारलं.

"वरचं फुटेल. खालचं मोकळं व्हायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही."

"बरं. तू भाऊ आहेस. माझं नुकसान गिळीन मी." त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पण ताईचं संपलं नव्हतं. "त्या आठवड्यात आणखी किती शेतं कापलीस?"

"अकरा."

"उतरला होतास?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग तेही आत्ता स्वतःलाच दोष देत बसले असतील. जा, एकेकाला सांग. मी इथं यांची माफी मागते."

"उद्या गेलो तर?"

ताई बियाणेवाल्याकडे वळली. तो निघाला. पहिलं शेत रस्त्यापलीकडेच होतं. तिथला म्हातारा पिवळ्या पट्ट्यात बसून, हातानं, एकेका रोपाच्या बुडाशी खत घालत होता.