चार स्टेशनं, एकच गाणं

मी रेडिओ बोलतोय. आजवर तोंड उघडलं ते दुसऱ्यांचं बोलणं पोचवायला. आज माझं स्वतःचं सांगतो, कारण ऐकवण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही.

जन्म ताइचुंगच्या कारखान्यातला. तिथून दक्षिणेला फांगल्याओला आलो, थ्याम-टिंगच्या जांबांच्या बागेत. तो मला फांदीला टांगायचा आणि फळांना कागदी पिशव्या बांधत ऐकत राहायचा. रेडिओ ऐकून जांब गोड होतात, असं त्याचं ठाम मत होतं. त्याची बायको बी-श्यू म्हणायची, जांबांचं माहीत नाही, तुम्ही मात्र कामचुकार झालात.

तेव्हा माझा काटा जिथे थांबेल तिथे वेगळीच माणसं भेटायची. कुठे मासळीचे भाव, कुठे हक्का लोकांची डोंगरातली गाणी, कुठे तरुणांची नवी गाणी. आणि दुपारी किम-त्सू ताई. देवळापुढे होणाऱ्या जुन्या संगीत नाटकांची पदं ती लावायची, मध्येच काढ्याची जाहिरात करायची, फोन करणाऱ्यांच्या सुनांची चौकशी करायची. पदाची शेवटची ओळ यायच्या आधी गाणं थांबवून म्हणायची, "आता तुम्ही म्हणा." लोकांचं म्हणणं तिला ऐकू येत नसे, तरी ती थांबायची. आणि बागाबागांतून माणसं म्हणायची.

मग थ्याम-टिंगला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. इस्पितळातून घरी आणला तेव्हा त्याला पाणी मागता येईना. बी-श्यूनं मला बागेतून आणून त्याच्या उशाशी ठेवलं. एका दुपारी ताई थांबली आणि त्यानं ती ओळ पुरी केली, सुरात, शब्दांसकट. बी-श्यू डाव हातात घेऊनच धावत आली. पुढे रोज तो म्हणू लागला. एकदा त्याच चालीत त्यानं तिचं नावही घेतलं. ती तोंड फिरवून उगाच खिडकी पुसत बसली.

त्याच सुमारास दूर उत्तरेला, राजधानी तायपेईतल्या एका कंपनीनं आमच्याकडची स्टेशनं एकेक करून विकत घेतली. एके दिवशी ताईच्या वेळेला कुणी मुलगी तायपेईच्या रस्त्यावरच्या गर्दीवर हसत होती. काटा सरकला असेल म्हणून बी-श्यूनं तो फिरवला. पुढच्या स्टेशनवर तेच हसू. त्यापुढे तेच गाणं. चौथ्यावरही तेच. थ्याम-टिंग डोळे मिटून गाणं थांबायची वाट पाहत होता. ते थांबलंच नाही.

काओस्युंगला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं मोबाइलवर सगळी पदं आणून दिली. पण ती सलग वाजायची, त्याच्यासाठी कुणी थांबत नव्हतं. त्यानं डाव्या हातानं मोबाइल दूर सारला आणि पुन्हा गप्प झाला.

बी-श्यू मला पिशवीत घालून बसनं ताईच्या जुन्या रेडिओ स्टेशनवर गेली. तिथला व्यवस्थापक तरुण होता, बोलायला नम्र होता. लोकांची पाहणी करूनच गाणी निवडतात, असं त्यानं समजावलं. वर म्हणाला, "आणि काकू, एक नाही, चार स्टेशनं आहेत की आमची."

बी-श्यूनं मला त्याच्या टेबलावर ठेवून चारही स्टेशनं लावून दाखवली. "चार ताटं मांडलीस, बाबा, आणि चारींत तोच भात. ह्यातनं मी काय निवडू?"

तो ओशाळला. पूर्वी मासळीचे भाव आपणच वाचायचो, म्हणाला. आता फक्त यंत्रं चालू आहेत ना, एवढं बघतो. बोलायला इथे कुणी बसतच नाही. ताई तुंगकांगच्या बाजारात मासळीचे गोळे विकते, एवढं मात्र त्यानं सांगितलं.

बी-श्यूनं तिला शोधून काढलं. सुटीच्या दिवशी ताई घरी आली, खाटेशेजारी बसली आणि आधी तिनं मला बंद केलं. मग स्वतःच गायली, आणि थांबली. थ्याम-टिंगचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. शेवटी ओळ आली. ताईनं त्याचा हात घट्ट धरला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चडफडाटही झाला. हे काम माझं होतं. निघताना ताईनं माझ्यावर हात ठेवला. तिला फोन करणाऱ्यांतला जाळी विणणारा तो म्हातारा कसा असेल, अंथरुणाला खिळलेली ती बाई काय ऐकत असेल, असं विचारू लागली. बी-श्यूला काय ठाऊक असणार? ताई म्हणाली, "मी पायी किती घरं फिरणार गं? ह्याच्यातनं बोलत होते तेव्हा सगळ्यांकडे एकदम जायचे."

नवी गाणी बंद करा, असं माझं म्हणणं नाही. पोरांनीही ऐकावं की. पण चारांतलं एक तरी इथल्या माणसांना द्या. मासळीचे भाव द्या, डोंगरातली गाणी द्या, थांबून वाट बघणारं कुणी तरी द्या. माझा काटा अजून फिरतो. त्यानं फिरून जायचं कुठे?

परवा वादळ आलं. बागेत फांद्या कडाकडा मोडत होत्या. बी-श्यूनं खबर ऐकायला मला लावलं, तर चारही स्टेशनांवर ती मुलगी सांगत होती की तायपेईत हवा छान आहे, फिरायला बाहेर पडा. बी-श्यूनं मला इतक्या जोरात बंद केलं की माझं बटण आत रुतलं. राग माझ्यावर नव्हता, हे मला कळतं. पण स्टेशनवर ऐकून घ्यायला कुणी बसलेलंच नाही, तर ती तरी तो कुणावर काढणार?