किनाऱ्यावरचा रहाट

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे हं, किनाऱ्यावरचा. लोखंडी बैठकीवर फिरणारा एक जाड लाकडी खांब आणि त्याला आडवे चार दांडे, एवढाच माझा पसारा. होडीचा दोर माझ्या अंगाला गुंडाळायचा आणि माणसांनी दांडे ढकलत गोल फिरायचं, की पाण्यातली होडी हळूहळू वाळूवर येते.

मला गावातल्या सुतारानं घडवलं. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा कसबी. गावही तसंच होतं, लहान आणि भांडखोर. ज्याचं कुणाशीच बिनसलेलं नाही, असं घर शोधून सापडलं नसतं. तरी होडी काठाला लागली, की हातातलं काम टाकून सगळे धावत यायचे. होडी कुणाची, हे कुणी विचारत नसे. ढकलताना पुढच्याची पाठ दिसते, तोंड दिसत नाही, त्यामुळे अबोला न मोडताही काम होई. त्या गर्दीचा मला फार अभिमान वाटे.

मग ट्रॅक्टर आला. एकटा चालक सगळ्या होड्या ओढू लागला आणि मला कुणी विचारेनासं झालं. माझ्या दांड्यांवर जाळी वाळत पडू लागली. सुतार गेल्यावर त्याच्या दोन मुलांनी घराची वाटणी केली आणि एकमेकांशी बोलणंच टाकलं. थोरला होड्या बांधायचा, धाकटा मासेमारी करायचा. ट्रॅक्टर नसता, तर निदान माझ्यापाशी तरी ते एकत्र आले असते. आता तेही राहिलं नाही, याचं मला वाईट वाटे.

एका सकाळी समुद्र खवळला. धाकट्याची होडी कशीबशी काठाशी आली आणि नेमका ट्रॅक्टर ओल्या वाळूत रुतून बसला. लाटा होडीला खडकांकडे रेटत होत्या. ती फुटली असती, तर त्याच्या पोटावरच पाय आला असता. जाळी विणणाऱ्या मावशीनं घरोघरी हाका मारल्या. गाव धावलं, थोरलाही धावला. दोर गुंडाळून सगळ्यांनी जोर लावला, पण मी काही हलेना. लोक मलाच नावं ठेवू लागले, की हा गंजला, याचे दिवस भरले.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तो बिचारा काय करेल? निम्मे इकडून ढकलताय, निम्मे तिकडून."

खरंच की! कुठल्या बाजूनं फिरायचं, हेच गाव विसरलं होतं. थोरला आणि धाकटा तर एकाच दांड्याला समोरासमोर भिडले होते. सगळे हसले. थोरला मात्र मुकाट्यानं वळसा घालून धाकट्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"हात जरा बाहेर धर," तो म्हणाला. "दोरात बोटं सापडतील."

"हो, दादा."

मी करकरत फिरलो आणि होडी सुखरूप वर आली. मला इतका आनंद झाला, की काय सांगू!

आता धाकटा माझ्या बैठकीत वंगण घालतो. थोरल्यानं एक कुजलेला दांडा बदलून दिला. मित्रांनो, ट्रॅक्टरशी माझं वैर नाही, रोजचं काम त्यानंच करावं. पण अधूनमधून मलाही फिरवत जा. आणि याल तेव्हा, ज्याच्याशी बोलत नाही त्यालाही हाक मारून आणा. दांड्यावर जागा आहे.