चौथ्या बांधीतला हिरवा रंग

धान हिरवं दिसलं म्हणून घाबरणारी शेतकऱ्याची पोर मी एकटीच असेन. हसा खुशाल.

आसगावला आमच्या चौथ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, माझा प्रयोग होता. झाडाची पेशी आपलेच झिजलेले भाग मोडते आणि त्यातलं नत्र नव्याकडे पाठवते. माझ्या वाणात हे काम जोरात चालतं, असा माझा दावा. म्हणजे युरियाचा कणही न देता खालची पानं पिवळी पडावीत आणि दाणा मात्र भरावा. तीन वर्षं मी त्या पिवळ्या पानांच्या मागे होते. पंधरा दिवसांनी विद्यापीठातून आले, तर बांधी गर्द हिरवी!

बाबा धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभे होते.

"बाबा, युरिया मारला?"

"लोक हासून राह्यले होते. म्हणत, सेवकरामची दामिनी शिकली अन् धान उपाशी मारून राह्यली. मले नाही पाहवलं." मग हळूच म्हणाले, "कोणाले नाही मालूम. तू कायले सांगतं?"

मी ओरडणारच होते, तेवढ्यात चंद्रकुमार सरांची जीप थांबली. ते माझे मार्गदर्शक, माझी पीएचडी त्यांच्या सहीवर.

सरांनी एक लोंबी चिमटीत दाबून पाहिली. "टंच भरलीय! खत काहीच नाही ना?"

मी बाबांकडे पाहिलं.

"एक दाणाबी नाही जी," बाबा म्हणाले. जन्मात कधी कोणाला फसवलं नव्हतं त्यांनी.

सर खूश झाले, वहीत लिहू लागले. "मग पुढच्या खरिपात दिघोरीच्या वीस शेतकऱ्यांना हेच बियाणं देऊ. युरियाशिवाय."

वीस घरं, आणि कदाचित वीस घरांत पोचट धान. गप्प बसले तर त्यांचं वर्ष बुडू शकत होतं. बोलले तर माझे बाबा परक्या माणसासमोर खोटे ठरणार होते. खरं सांगते, तीन वर्षं वाया जाण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

"सर, बाबा खोटं बोलले. युरिया पडलाय."

सरांचं पेन थांबलं. बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि घराकडे चालू लागले.

"बाबा!" मी हाक मारली.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.