पायरी झालेला साक्षीदार

मित्रांनो, मी दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावरचा एक जुना खुणेचा दगड आहे. साक्षीला उभे राहायचे हे माझे काम. पण ऐंशी वर्षे मी लोकांच्या बुटांची माती खाण्यात घालवली. चिडू नको तर काय करू?

अडीचशे वर्षांपूर्वी हेरिट लिंडेक नावाचा गोरा माणूस बायकापोरे, बैलगाड्या आणि मेंढरे घेऊन केपहून इकडे आला. त्याने मला टेकडीवरून उतरवले, छिन्नीने अंगावर आपली अक्षरे कोरली आणि झऱ्यापाशी रोवले. तेव्हाची मोजणीची रीत अशी, की मध्ये दगड आणि तिथून चारी दिशांना घोड्यावरून अर्धा तास जायचे. घोडा चालवायचा, पळवायचा नाही. शेजारी मरेपर्यंत ओरडत होता, "अरे लबाडा, तुझी घोडी चालते कुठं? ती तर पळते!" पण सरकारी वहीत चढले ते चढलेच. सगळी भिस्त माझ्यावर! येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवी. मीही जरा फुगलोच होतो.

मग तारेची कुंपणे आली आणि मला कोणी विचारीना. एके दिवशी मालक यान लिंडेकला स्वयंपाकघराच्या दाराला पायरी हवी झाली. त्याने गड्याला फर्मावले, "झऱ्याजवळचा तो चपटा दगड आण रे." मला उपटले, ओढत आणले आणि अक्षरे खाली करून बसवले. झाले! तोंड मातीत, पाठीवर बूट.

त्याच यानची नात अलेटाबाई. ती सत्तरीला आली तेव्हा शेजारच्या स्टॉफेलने दावा लावला, की झरा त्याच्या हद्दीत येतो. इथे झरा गेला की मेंढरे गेली, मेंढरे गेली की घर गेले. बाई जुने कागद धुंडाळू लागली. या घरात थोरल्या मुलाला आजोबांचे नाव द्यायची पद्धत. हेरिटचा यान, यानचा हेरिट, त्याचा पुन्हा यान! बाई वर्षभर भलत्याच हेरिटच्या मागे फिरली. अखेर मूळ वही हाती आली आणि तिच्यात लिहिले होते, 'दगडापासून अर्धा तास.'

मग काय, रोज सकाळी बाई माझ्यावर पाय देऊन मलाच शोधायला निघे! संध्याकाळी दमून येई, माझ्यावर बसून कॉफीत टोस्ट बुडवी आणि म्हणे, "मेला दगड गेला तरी कुठं?" अगं बाई, खाली बघ की! मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो.

दोन महिन्यांनी म्हातारा मेंढपाळ फ्लोरिस विंडफोगेल तिच्यासमोर थांबला.

"बाई, काय शोधताय एवढं?"

"आमच्या मूळ पुरुषाचा दगड."

"त्याच्यावर तर बसलाय."

"म्हातारीची थट्टा करतोस?"

"माझ्या आज्यानंच ओढून आणला होता तो."

"मग दोन महिने तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

"तुम्ही कागदांना विचारत होता, बाई. मला कुठं विचारलंत?"

पहारीने मला उलटे केले. अक्षरे दिसताच बाई त्यांच्यावरून हात फिरवत रडली. पण दुसऱ्या दिवशी मोजणी अधिकारी आला आणि त्याने मान हलवली. "हललेल्या दगडाची साक्ष चालत नाही. तो उभा कुठं होता, ते दाखवा."

फ्लोरिस झऱ्याकडे सरळ चालत गेला आणि थांबला. "इथं."

तिथे खणले. हातभर खाली काळ्या राखेचा घट्ट थर लागला, मेंढरांची हाडे लागली, चुलीचे तीन दगड लागले. आणि त्या राखेत बरोबर माझ्या बुडाएवढा खड्डा.

"जागा हीच!" बाई हरखून म्हणाली. "पण ही चूल कुणाची?"

"आमची," फ्लोरिस म्हणाला. "आमच्या लोकांना हाकललं आणि चुलीवरच दगड रोवला. म्हणून तर आज्याला जागा पाठ होती."

मित्रांनो, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगायला हवे होते. मला रोवले तेव्हा ती राख अजून कोमट होती. मला कोणी विचारत नाही म्हणून मी एवढा चडफडलो. पण मी तरी कुठे खरे सांगितले? लाज वाटली, म्हणून गप्प बसलो. जुन्या वस्तू जपा, जुने कागद जपा. पण कागदाच्या आधी तिथे कोण राहत होते, तेही विचारा. विचारायला उशीर करू नका.

अधिकारी हळूच म्हणाला, "राखेतला खड्डा लिहिला की झरा तुमचा. चूल कुणाची, ते नाही लिहिलं तरी चालेल."

बाईने खड्ड्याकडे बघितले. मग एकदम उसळली. "वर्षभर कागदांत डोळे फोडले मी, इथं पहिला कोण आला ते शोधायला! आणि आता तेवढंच गाळायचं? लिहा. विंडफोगेलांची चूल. नावं त्यालाच विचारा."

फ्लोरिसने टोपी काढली. आधी आज्याचे नाव सांगितले, मग त्याच्या बापाचे, मग त्याच्याही बापाचे. अधिकाऱ्याला दुसरा कागद घ्यावा लागला.