लवंगीचा नवा पट्टा

सासरे कधीकाळी डोंगरी रस्त्यांवरच्या शर्यतींत गाडी पळवायचे. त्या वेळची गाडी अजून घराच्या बाजूच्या शेडमध्ये उभी होती. तीन दरवाजे, मागे वर उघडणारं झाकण, रंग लाल. दिसायला बाजारहाटाला न्यायची गाडी, पण ॲक्सिलरेटर दाबला की मान मागे जायची. घरात सगळे तिला लवंगी म्हणत.

लवंगीच्या इंजिनाला सासऱ्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा घरातला कायदा होता. मोडायला कुणी पुढेही येत नव्हतं. मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, वळणाचा रस्ता नुसता दिसला तरी मळमळायचं. पण गेल्या वर्षापासून सासऱ्यांचे हात कापायला लागले. कंपवात. चहाचा कप कसाबसा धरता यायचा. बारीक स्क्रू मात्र बोटांतून निसटून इंजिनाच्या कपारीत जायचा, आणि मग शेडमधून शिव्या ऐकू यायच्या.

जुन्या गाड्यांच्या क्लबाने घाटातली चढाईची शर्यत पुन्हा सुरू करायची ठरवली, तेव्हा सासऱ्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

"मी करते की," ताट उचलता उचलता सून म्हणाली. "तुम्ही सांगा, मी करते."

"तू दातांची डॉक्टर आहेस."

"म्हणूनच म्हणतेय. दिवसभर अंधाऱ्या, ओल्या भोकात आरसा घालून बारीक कामच करते ना? फरक एवढाच, की तुमचं गिऱ्हाईक ओरडणार नाही."

सासऱ्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी शेडची किल्ली मात्र तिच्या चहाच्या कपाशेजारी होती.

मग दवाखाना बंद झाला की ती शेडमध्ये जायची. सासरे स्टुलावर, ती बॉनेटखाली. प्लग काढून त्यांचा रंग बघायला ती शिकली. फिका तपकिरी असेल तर इंजिन नीट जेवतंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त होतंय. मग व्हॉल्व्हची फट. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि त्याच्याखालचं टॅपेट यांच्यामध्ये पातळ पोलादी पट्टी सरकवायची; अडकली तर फट कमी, सुळकन गेली तर जास्त. किंचित घासत, कुरकुरत जायला हवी.

"कळतंय का हाताला?" सासऱ्यांनी विचारलं.

"कीड आहे की नुसता डाग, ते सुईच्या टोकाला जसं कळतं, अगदी तसंच."

एका व्हॉल्व्हची फट जास्त निघाली. तिने टॅपेट दाबून आतली चकती उचलली, जाड चकती बसवली, पुन्हा मोजलं. सासऱ्यांनी काही शेरा मारला नाही. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच.

खरं जोखमीचं काम टायमिंग बेल्टचं होतं. खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांना एका तालात फिरवणारा हा दातेरी रबरी पट्टा. तो तुटला किंवा चुकीचा बसला, की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा निकाल लागतो. त्यात सासऱ्यांनी शर्यतीसाठी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, तासून बुटकं केलेलं, कॅमही व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणारा बसवलेला. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या अगदी अंगाला अंग लावून राहणारे. जुन्या पट्ट्याला बारीक भेगा पडल्या होत्या. सुनेने तो काढला. सासऱ्यांनी वाकून, डोळे बारीक करून क्रँकच्या चाकावरची खूण दाखवली. तिने ती जुळवली, वरची कॅमची खूण जुळवली, नवा पट्टा चढवला, ताण दिला.

"आता चावी नाही लावायची," सासरे म्हणाले. "आधी पान्याने हाताने फिरव. सावकाश."

तिने पाना लावला. इंजिन लोण्यासारखं फिरलं आणि एका जागी थांबलं. अगदी हलकं, पण थांबलं.

"फिरव, फिरव. कम्प्रेशन असेल, आतली हवा दाबली जातेय."

तिने पाना सोडला नाही, पुढेही ढकलला नाही. "बाबा, चारही प्लग बाहेर आहेत. कम्प्रेशन कुठून येईल?"

सासरे उठून उभे राहिले. तिने दवाखान्यातला लांब दांड्याचा आरसा आणला, बॅटरी मारली आणि चाकाच्या कडेवर बघितलं. खुणा दोन होत्या. एक ठिणगीच्या वेळेची, दुसरी पट्ट्यासाठीची, खरी. जुळवली होती पहिली.

"मीच दाखवली चुकीची," सासरे म्हणाले. त्यांचा हात जोरात कापत होता, पण आवाज नाही. "आणि वर तुला ढकल म्हणालो. दुसरा कुणी असता ना, तर म्हाताऱ्याला जास्त कळतं म्हणून ढकललं असतं. व्हॉल्व्ह वाकले असते." ते पुन्हा बसले. "तू थांबलीस. शाब्बास!"

हा शब्द त्या घरात तिच्या नवऱ्यानेसुद्धा कधी ऐकला नव्हता.

पट्टा पुन्हा निघाला, पुन्हा बसला. या वेळी पाना कुठेही न अडता फिरला. प्लग लावले, चावी फिरवली आणि लवंगी अशी खणखणीत बोलली की शेजारीण खिडकीत आली.

शर्यतीच्या सकाळी घाटाच्या पायथ्याशी निवेदकाने सासऱ्यांना ओळखलं आणि माईक पुढे केला. "काका, इतक्या वर्षांनी! इंजिन स्वतःच बांधलंत ना?"

सासऱ्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "इंजिनाचं काम माझ्या सुनेचं. गाडीही तीच चालवणार. मी शेजारी बसून नुसती बडबड करणार."

आणि केलीही. पहिल्या वळणापासून, "गिअर कमी कर, आता सोड, आता दे!" अर्ध्या घाटात मात्र ते गप्प झाले. तिने चोरून पाहिलं. ते डोळे मिटून इंजिन ऐकत होते आणि त्यांची मान तालावर हलत होती. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याने लाल पट्टी गाठली तरी आवाज फाटला नाही.

त्यांच्या गटात लवंगी दुसरी आली. पहिली आलेली गाडी इंजिनाने बरीच मोठी होती. सासऱ्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून वर आलेला नवरा गवतात बसून होता, चेहरा पांढराफटक, पण टाळ्या सगळ्यांत जोरात त्याच्याच.

बॉनेट उघडलं तसे लोक जमले. एका जाडगेल्या गृहस्थाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सासऱ्यांना हळूच विचारलं, "देणार का गाडी?"

"मला काय विचारता?" सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "मालकीणबाई त्या उभ्या आहेत."

सून तेलाचे हात पुसत होती. हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग गृहस्थाकडे.

"नाही," ती म्हणाली. "पण बसायचं असेल तर चला, एक चक्कर मारू."